‘होम डिलिव्हरी’ शोधली, बिर्याणी मिळाली!

सुईण ऑनलाइन बुक करता येते का? शेंद्र्यातल्या ताईसाठी केलेल्या शोधाची ही गोष्ट. तुमच्याही घरातून कधीतरी असा फोन येणार आहे, म्हणून वाचून ठेवा.

तुमच्या घरात ‘ऑनलाइनचं सगळं कळणारं’ माणूस कोण? बहुतेक तुम्हीच. बाबांचं एसटीचं तिकीट, आईचा गॅस, आजोबांचा हयातीचा दाखला, चुलतभावाचा सीईटीचा फॉर्म, सगळं तुमच्याच फोनवरून होतं. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे जानेवारीतल्या एका रविवारी शेंद्र्याहून मावसबहिणीचा फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, “कशाचा फॉर्म भरायचाय?”

“फॉर्म नाही गं,” ताई म्हणाली, “मला एक सुईण शोधून दे. ऑनलाइन. घरी येणारी.”

ताईला सातवा महिना लागला होता. दाजी शेंद्रा एमआयडीसीत शिफ्टला जातात. ती स्वतः तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला, कॉन्ट्रॅक्टवर. कुंभेफळच्या बाजूला भाड्याची एक खोली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. पण मावशीच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं आणि सासूबाई हयात नाहीत. शेजारच्या खोलीतल्या बाईचं सिझर झालं होतं, खासगी दवाखान्याचं बिल भरायला गंठण मोडावं लागलं. सरकारी दवाखान्यात बायकांवर ओरडतात, जवळचं कुणी आत येऊ देत नाहीत, हे ताईनं दहा जणींकडून ऐकलेलं.

“आजीच्या टायमाला सुईण घरी यायची, सगळं व्हायचं ना? आता ॲपवर प्लंबर मिळतो, मग सुईण का नाही?”

प्रश्न अजिबात वेडगळ नव्हता. मी शोधायला बसले.

एका शब्दाखाली पाच बायका

पहिला सर्च टाकला, ‘शेंद्रा होम डिलिव्हरी’. समोर बिर्याणीची दोन हॉटेलं, एक गॅस एजन्सी आणि पाण्याचे जार. हसू नका, तुम्हीही हेच टाकलं असतं. मग ‘सुईण’, ‘दाई’, ‘मिडवाइफ निअर मी’, ‘घरी बाळंतपण संभाजीनगर’ असं काय काय टाकलं. तासाभरात स्क्रीनशॉटचा ढीग झाला. तो नीट बघितल्यावर कळलं, की एकाच नावाखाली पाच वेगवेगळी कामं करणाऱ्या बायका एकत्र दाखवल्या जातायत. तुम्ही शोधाल तेव्हा आधी या पाच जणी वेगळ्या करा.

एक, मालिशवाल्या मावशी. बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, शेक-शेगडी, न्हाऊ घालणं. ऑनलाइन सापडणाऱ्यांत याच सगळ्यात जास्त. पण त्यांचं काम बाळ झाल्यावर सुरू होतं.

दोन, जपावाली. नर्सिंग ब्युरोमार्फत येते, महिना-दीड महिना घरी राहते, बाळाचं रात्रीचं बघते. हीसुद्धा बाळंतपणानंतरचीच.

तीन, डूला. मोठ्या शहरांत हा शब्द आता ऐकू येतो. कळा सुरू असताना धीर देणं, श्वास कसा घ्यायचा ते सांगणं, कंबर चोळून देणं हे तिचं काम. तपासणी करणं आणि बाळंतपण करणं तिच्या कामात बसत नाही.

चार, आपली पारंपरिक सुईण किंवा दाई. आईकडून, सासूकडून हाताखाली शिकलेली. तिच्याकडे अनुभव असतो, पण तिची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये नसते.

पाच, नर्स-मिडवाइफ. सरकारी मराठीत ‘परिचारिका-प्रसविका’. एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा किंवा बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा कोर्स केलेली. या सगळ्या कोर्सेसमध्ये बाळंतपणाचं शिक्षण असतं. जीएनएममधलं शेवटचं ‘एम’ म्हणजे मिडवाइफरीच. महाराष्ट्रात या सगळ्यांना महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं, तिथून नोंदणी क्रमांक मिळतो.

ताईला हवी होती पाचवी. सर्चमध्ये दिसत होत्या पहिल्या दोन. आणि काही जाहिराती पहिल्या दोघींना पाचवी म्हणून खपवत होत्या.

‘सगळं करतो मॅडम, ॲडव्हान्स पाठवा’

एका जाहिरातीत चक्क ‘घरपोच नॉर्मल डिलिव्हरी, अनुभवी स्टाफ’ असं लिहिलं होतं. मी फोन लावला. पलीकडचा माणूस आवाजानं फार चांगला होता.

“सगळं करतो मॅडम. कुठंय पेशंट? शेंद्रा? होऊन जाईल. अर्धे पैसे आधी पाठवा, डेट बुक करून टाकतो.”

मी थांबले. त्यानं पुढे काही विचारावं याची वाट बघत होते. कितवा महिना आहे, पहिलं बाळंतपण आहे का, बीपी किती, रक्त किती, सोनोग्राफीत बाळ आडवं आहे की डोक्याकडून, यातलं काहीच त्यानं विचारलं नाही. पिझ्झा मागवताना तरी ‘चीज जास्त हवं का’ एवढं विचारतात. मग मीच विचारलं, “येणाऱ्या सिस्टरचा नोंदणी क्रमांक सांगाल का?”

“तुम्ही आधी बुकिंग करा, मग सगळं पाठवतो.”

“नंबर सांगितला की लगेच करते.”

फोन कट. पुन्हा लावला तर बिझी. तेव्हापासून बिझीच आहे.

त्या फोननंतर पहिल्यांदा मला भीती वाटली. कारण माझ्या जागी ताईनं स्वतः फोन केला असता, तर तिनं नंबर विचारलाच नसता. तिनं फक्त ‘नॉर्मल होईल ना?’ एवढंच विचारलं असतं आणि तो ‘हो’ म्हणाला असता.

२०१८ च्या जुलैमध्ये तमिळनाडूतल्या तिरुपूरला एका तरुण शिक्षिकेनं घरीच बाळंतपण करायचं ठरवलं होतं. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून केलेल्या त्या बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन तिचा जीव गेला. ही बातमी तेव्हा देशभर गाजली होती. माझ्या आवडीच्या ‘हाऊ टू’ व्हिडिओंकडे त्या रात्री मी वेगळ्या नजरेनं बघितलं.

मग बुकिंग कुठे होतं?

‘मिडवाइफ ऑनलाइन बुक करणं’ ही कल्पना मात्र खोटी नाही. ब्रिटनमध्ये गरोदर बाई डॉक्टरला न भेटताही सरकारी आरोग्यसेवेचा ऑनलाइन फॉर्म भरून थेट मिडवाइफकडे नाव नोंदवू शकते. मिडवाइफबरोबरच्या पहिल्या सविस्तर भेटीचं नावच ‘बुकिंग अपॉइंटमेंट’ आहे, आणि ती दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी असं सांगतात. तिथे नोकरीला गेलेल्या आपल्या मराठी मुली पहिल्यांदा गोंधळतात, की ‘डॉक्टर कधी बघणार?’ सगळं सुरळीत असेल तर नऊ महिने मिडवाइफच बघते. गडबड दिसली की डॉक्टर येतात.

न्यूझीलंडमध्ये तर मिडवाइफ शोधण्यासाठी मिडवाइफच्या संघटनेचीच वेबसाइट आहे. आपला भाग आणि बाळंतपणाची तारीख टाकायची, की त्या काळात मोकळ्या असलेल्या मिडवाइफची यादी येते. नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाची काळजी घेणारी प्रशिक्षित बाईसुद्धा गरोदरपणातच बुक करून ठेवतात.

पण या सगळ्या ठिकाणी ऑनलाइन आहे ते फक्त दार. दाराआड अख्खं घर उभं आहे. ब्रिटनमध्ये मिडवाइफचं नाव सार्वजनिक रजिस्टरवर कुणीही तपासू शकतं. तिच्या मागे हॉस्पिटल असतं, ॲम्ब्युलन्स असते, आणि कोणत्या बाईचं बाळंतपण घरी होऊ शकतं, कोणाचं नाही, याचे नियम ठरलेले असतात. शेंद्र्यात मला सापडलेल्या जाहिरातीत दार होतं, मागे मोकळं मैदान.

आपल्याकडे हे घर बांधायला सुरुवात झाली आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. अनुभवी नर्सना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ तयार करायच्या आणि सरकारी रुग्णालयांतच मिडवाइफनं चालवायचे कक्ष सुरू करायचे, असा तो आराखडा. तेलंगणानं त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, असं प्रशिक्षण सुरू केलं होतं. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा संसदेत मंजूर झाला. कायद्याच्या नावात ‘मिडवाइफरी’ हा शब्द नर्सिंगच्या बरोबरीनं आला. मात्र स्वतंत्रपणे घरी येऊन बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित मिडवाइफ आजही मोजक्याच, आणि त्याही मोठ्या शहरांत.

ताईची भीती खोटी नव्हती

इथे तुम्ही म्हणाल, की मग सरळ दवाखान्यात जावं, एवढा लेख कशाला? थांबा. ताईच्या बाजूनंही बघा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १०० पैकी जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. त्याच पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत झालेल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन निघाली, तर सरकारीत १४.३ टक्के. सिझर कित्येकदा जीव वाचवतं, यात वाद नाही. पण दोन आकड्यांमध्ये तिपटीहून जास्त फरक असेल, तर ‘मला उगाच कापतील’ ही शेंद्र्यातल्या एका बाईची भीती अडाणीपणाची म्हणता येत नाही. आणि कळा येत असताना आपलं माणूस जवळ असावं, कुणी ओरडू नये, ही मागणी तर किती साधी आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारनंच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबत एक स्त्री ठेवायला परवानगी दिलेली आहे. हे ताईला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

खरं सांगू? ताईनं सुईण मागितली, तेव्हा ती एक माणूस मागत होती. आपल्याला ओळखणारं, शेवटपर्यंत जवळ बसणारं.

आजीचा हिशेब

‘आजीच्या टायमाला सगळं व्हायचं’ हे खरं का, हे विचारायला मी आजीकडेच गेले. आजी जालना जिल्ह्यातली, वय ऐंशीच्या पुढे. मी म्हटलं, “आजी, तुमच्या वेळी सुईण यायची, सगळं घरीच व्हायचं ना?”

“व्हायचं की,” आजी म्हणाली. “सात झाली, चार राह्यली.”

एवढंच बोलून ती शेंगा फोडत बसली. मला पुढचा प्रश्न सुचेना.

थोड्या वेळानं तिनंच त्या सुईणीबद्दल सांगितलं. गावकुसाबाहेर राहायची, एरवी लोक तिच्या हातचं पाणी घेत नव्हते, पण लेकरू तिच्याच हातात पडायचं. नाळ तीच कापायची. बदल्यात ज्वारी, एखादं लुगडं. आपल्याकडे या कामाला किती मान होता, ते यावरून समजा. “पण बाई हुशार,” आजी म्हणाली. “आधी हातपाय दाबून बघायची. सूज दिसली की सरळ म्हणायची, ही माझ्या हातची नाही, बैलगाडी जुंपा आन् जालन्याला न्या.”

हे वाक्य मी मोबाइलमध्ये लिहून घेतलं. पुढे तेच कामाला आलं.

दायांनी ‘नाही’ कधी म्हणायचं आणि ‘हो’ म्हटल्यावर काय करायचं, हे शिकवायचा प्रयत्न आपल्याकडे बराच झाला आहे. १९७० च्या दशकापासून सरकारनं दाई प्रशिक्षण चालवलं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काही न लावणं, हे ‘पाच स्वच्छ’चे धडे तेव्हाचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्यांनी दायांच्या बरोबरीनं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज देशभरात आशाताई बाळ झाल्यावर घरी येऊन त्याचं वजन करतात, ती पद्धत या कामावरूनच आली.

आणखी एक आठवण. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहाच दिवस जगलं. पुढे त्या अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, तेव्हा वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. मी आज बावीसची आहे आणि बाळंतपणाबद्दल मला जेवढं माहीत होतं, ते सगळं सिरियलमधलं होतं.

नऊ तारखेची तपासणी

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी शेंद्र्याला गेले. जालना रोडवर चिकलठाणा विमानतळ मागे टाकला, की कारखान्यांच्या रांगा सुरू होतात. एकीकडे स्कोडाचा कारखाना, ऑरिकचे रुंद रस्ते आणि दुसरीकडे एका खोलीत चार माणसं राहतात अशा चाळी. तिथे राहणारे निम्मे लोक बाहेरगावचे. कुणी परभणीचे, कुणी हिंगोलीचे, कुणी थेट बिहारचे. ताईच्या बाजूच्या खोलीतल्या बाईला आशाताई कोण हेच माहीत नव्हतं, कारण तिचं ‘गाव’ दुसरीकडे होतं.

आशाताई मात्र गल्लीतच राहत होत्या. ऑनलाइन दोन आठवडे शोधलेलं ऑफलाइन दहा मिनिटांत सापडलं. किराणा दुकानदाराला विचारलं, त्यानं बोटानं घर दाखवलं. त्यांनी ताईला आधी रागावलं, “सातवा महिना संपला आणि कार्ड कुठंय?” मग माता आणि बाल संरक्षण कार्ड काढायला लावलं आणि म्हणाल्या, “नऊ तारखेला चला.”

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, २०१६ पासून. ताई तोवर एकदाच, तिसऱ्या महिन्यात, खासगीत जाऊन आली होती.

नऊ तारखेला सिस्टरनं बीपी बघितलं. १४८/९६. पंधरा मिनिटं बसवून पुन्हा बघितलं. तेवढंच. लघवी तपासली, त्यात प्रोटीन. ताईच्या पायांवर सूज होती, पण ‘सातव्या-आठव्यात येतेच’ म्हणून तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. डोकंही दुखत होतं, ते तिनं शिफ्टच्या अंगावर ढकललं होतं.

डॉक्टरांनी कार्डावर लाल शाईनं लिहिलं आणि शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. गरोदरपणात बीपी १४०/९० च्या वर गेलं आणि लघवीत प्रोटीन आलं, तर पुढे फिट येऊ शकतात. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. घरी बाळंतपण करण्याचा प्रश्नच त्या क्षणी संपला.

मला आजीची सुईण आठवली. सूज बघून ‘ही माझ्या हातची नाही’ म्हणणारी. आणि तो फोनवरचा माणूसही आठवला. ‘होऊन जाईल.’

म्हणून तुम्हाला सांगते, कुणालाही बुक करण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा, ‘तुम्ही कोणत्या बाईला नाही म्हणता?’ चांगल्या मिडवाइफकडे या प्रश्नाची लांबलचक यादी तयार असते. बीपी असलेली, रक्त कमी असलेली, जुळं असलेली, आधी सिझर झालेली, बाळ आडवं असलेली. जो ‘सगळं करतो’ म्हणतो, तिथेच फोन ठेवा.

मार्चअखेर

पुढचे सहा आठवडे ताई गोळ्यांवर होती. दर आठवड्याला तपासणी. कामावरून रजा घ्यायची वेळ आली, तेव्हा ठेकेदार म्हणाला, “कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कसली रजा?” इथे माझा फोन कामाला आला. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल, तर कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईलाही पहिल्या बाळासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. कामगार विमा योजनेत नाव असेल आणि तिथल्या अटी पूर्ण होत असतील, तर तो पैसा विम्यातून येतो. पगाराच्या स्लिपवर विम्याची कपात दिसत होती. ती दाखवल्यावर ठेकेदाराचा आवाज खाली आला.

तारीख एप्रिलची होती. शेंद्र्यात चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ताईला त्याची धास्ती होती, की नेमक्या त्या दिवशी कळा सुरू झाल्या तर? पण डॉक्टरांनी ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर, मार्चअखेरीलाच तिला भरती केलं आणि कळा येण्यासाठी औषध दिलं. आम्ही कार्ड पुढे करून विचारलं, “सोबत एक बाई थांबू शकते ना?” सिस्टरनं माझ्या आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, “एकच. आणि मोबाइल बंद.”

त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टर चौदा वर्षं लेबर रूममध्ये आहेत, असं आईनं नंतर सांगितलं. त्या ओरडल्या का? “एकदा ओरडल्या,” आई म्हणाली, “मी घाबरून रडत होते म्हणून. माझ्यावर.” ताईजवळ मात्र पहाटेपर्यंत येऊन-जाऊन होत्या. कंबर कुठे दाबायची ते त्यांनीच आईला दाखवलं. साडेचारला मुलगी झाली, नॉर्मल, दोन किलो सहाशे ग्रॅम. त्यानंतर ताईला रक्त जास्त जायला लागलं. दोन इंजेक्शनं, पोटावर हात दाबून चोळणं, धावपळ. वीसेक मिनिटांत थांबलं.

वीस मिनिटं. शेंद्र्यातून शहरात पोचायला रात्री रिकामा रस्ता असला तरी याहून जास्त वेळ लागतो. बाळंतपणानंतर अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं, तर ती धोक्याची खूण मानतात. ते थांबवायला औषध, हात आणि जागा तिथल्या तिथे लागते.

बिल किती झालं? शून्य. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, अगदी सिझरसुद्धा, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. शेजारच्या ताईंनी गंठण मोडलं होतं, ते आठवून मला वाईट वाटलं.

आता तुमची पाळी

तुम्ही कॉलेजात आहात, हा विषय ‘मोठ्यांचा’ आहे, असं वाटेल. पण मोठे लोक फोन तुम्हालाच देतात. तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

● सर्च करण्याआधी आशाताई गाठा. किराणा दुकान, अंगणवाडी, उपकेंद्र, कुठेही पत्ता मिळतो. गाव कुठलंही असो, राहता तिथे नाव नोंदवता येतं. नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत झाली तर उत्तम.

● कुणी नर्स किंवा मिडवाइफ म्हणवत असेल, तर परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्राचा फोटो मागा. त्यावरचं नाव आणि नूतनीकरणाची तारीख बघा. ‘नंतर पाठवतो’ म्हणजे नाही.

● मालिशवाल्या मावशी, जपावाली, डूला जरूर ठेवा. त्यांचं काम मोलाचं आहे. पण ते बाळंतपण करण्याचं काम नाही.

● तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हातावर सूज, अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, फिट, ताप: यातलं काहीही दिसलं तर थांबू नका.

● १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर आजच सेव्ह करा. पहिला गरोदर माता आणि बाळासाठी, दुसरा कुठल्याही तातडीच्या वेळी.

● ‘मुलगा की मुलगी सांगतो’ असं कुणी ऑनलाइन वा ऑफलाइन म्हणालं, तर तो गुन्हा आहे. तशी जाहिरात करणंही.

● बाळ घरी झालं तरी जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची.

बाळाच्या तिसऱ्या दिवशी ताई दवाखान्यातच होती. सातव्या दिवशी आशाताई घरी आल्या, काट्यावर बाळ तोललं, नाळ बघितली, ताप बघितला. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्या येत राहणार आहेत. गल्लीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताईनं एक मालिशवाल्या मावशी शोधल्या. ते बुकिंग मात्र पूर्ण ऑनलाइन झालं. आजीनं डिंकाचे लाडू पाठवले, सोबत निरोप, “म्हणावं, हिचं लेकरू राह्यलं.”

काल रात्री ताईचा मेसेज आला. बाळाचा झोपलेला फोटो आणि खाली एक ओळ:

“जन्माचा दाखला ऑनलाइन मिळतो म्हणे. बघ ना जरा. आता खरंच फॉर्म भरायचाय.”